धुतलेलं ताट

मानांग तिकायच्या हातून ते ताट धुतलं गेलं तेव्हा मी, तिची शेजारीण, तिथेच बसले होते. आमच्याकडे थोरल्या बाईला मानांग म्हणतात, बाप्याला मानोंग. पुढचे सहा महिने ती कशाला घाबरत होती हे गावात फक्त मलाच माहीत होतं, म्हणून तिची गोष्ट तिथूनच सांगते.

फेब्रुवारीतली सकाळ. तिचा मुलगा जुनरे सैन्यात, आणि त्याची नेमणूक जहाजावर झाली होती. आमच्या किनाऱ्यावर नुसतं ‘जहाज’ म्हटलं की एकच. आमच्या पालावान बेटाच्या पश्चिमेला, बोटीने एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो इतक्या लांब, प्रवाळाच्या उथळ्यावर नौदलाने आपलं जुनं जहाज मुद्दाम चढवून ठेवलंय. पंचवीस वर्षं ते तिथे गंजतंय. ते उभं आहे तोवर तो उथळा आमचा म्हणता येतो. त्यासाठी दहा-बारा पोरं त्याच्यावर राहतात, भोकं सिमेंटने बुजवतात, पावसाचं पाणी पिंपांत धरतात आणि भोवती घिरट्या घालणाऱ्या परक्या पांढऱ्या जहाजांवर नजर ठेवतात.

जुनरेला न्यायला जीप नऊला यायची होती, ती साडेसातलाच दारात. पोरगा भरल्या ताटावरून उठला. आमच्याकडे असं कुणी जेवता जेवता प्रवासाला निघालं, की मागे बसलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी गोल फिरवायचं. जाणारा सुखरूप परत येतो. मी फिरवलं, त्याची बायको लवलिन हिने फिरवलं, त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने तर तीनदा फिरवलं. मानांग चुलीशी मासे परतत होती. तिच्यापुढे ताटच नव्हतं. ती हात पुसत बाहेर आली, मुलाचा मुका घेतला, आणि जीप वळणावर दिसत असतानाच आत येऊन तिने त्याचं उष्टं ताट उचललं आणि घंगाळात बुडवलं.

तिच्या आईने तिला लहानपणीच बजावलं होतं, की जाणाऱ्याचं ताट तो ठिकाणावर पोचेपर्यंत धुवायचं नाही. पण मानांगला रिकामं ताट टेबलावर दिसलं की राहवत नसे. पाहुण्याने शेवटचा घास तोंडात घातला की त्याच्या कोपराखालून ताट गेलेलं असायचं. साबणाचा फेस हाताला लागला तेव्हा तिला उमगलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहायला लागले.

या गोष्टीला कुणी हसेल, पण मानांगकडे पुरावा होता. ती कुयो बेटावरची. एकोणिसाव्या वर्षी सिम्प्लिस्योचा हात धरून इथे आली. तो तीस वर्षं त्याच पश्चिमेच्या पाण्यात मासेमारीला जात होता. दर खेपेला तिने ताट फिरवलं. दोन वादळांत त्याच्याबरोबरच्या बोटी बुडाल्या, तो आला. शेवटी मेला तो खाटेवर, मूत्रपिंडाच्या आजाराने, उशाला बायको असताना. “मी समुद्राला नाही दिला त्याला,” असं ती म्हणायची, आणि त्यात थोडी ऐट असायची. त्यानंतर तिने मासे व्हिनेगर-लसणात मुरवून अर्धवट वाळवून विकायला सुरुवात केली. आमच्याकडे त्याला लामायो म्हणतात. त्या लामायोवरच जुनरे शिकला.

तीन महिन्यांनी त्याची पाळी संपायची होती. मे महिन्यात बदलीची पोरं घेऊन निघालेली बोट पांढऱ्या जहाजांनी अडवून परत पाठवली. जूनमध्ये दुसरी परत आली. मानांग मासे चिरता चिरता समुद्राकडे बघत राहायची, मग मी सुरी काढून घेत असे. दर रविवारी दुपारी जहाजावरून फोन यायचा. ती जेवणाखाण्याचं काही विचारत नसे. तळ कसा आहे, नवं भोक पडलं का, तू झोपतोस त्याच्याखाली काय आहे, एवढंच. जुनरे हसून सांगायचा, खाली प्लायवूड आहे, त्याच्याखाली गंज आहे आणि त्याच्याखाली मासे आहेत, गळ टाकला की अंथरुणातून जेवण मिळतं. तो हसला की ती आणखी घाबरायची.

जुलैत नौदलाने गावातल्या मानोंग मकार्योची लाकडी बोट जहाजावर सामान पोचवायला घेतली. घरोघरच्या लोकांनी आपापल्या पोरासाठी पुडकी दिली. मानांगने लामायोचा डबा दिला, चार पिशव्यांत गुंडाळून. बोट तिसऱ्या दिवशी परत आली. सुकाणूघराच्या काचा नव्हत्या, छपराची एक बाजू उडालेली, आणि मकार्योचा डावा हात गळ्यात बांधलेला. त्याने सांगितलं की पांढऱ्या जहाजांनी दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे मारले. “लोक म्हणतात पाणीच होतं ना. मानांग, ते पाणी फळीसारखं लागतं.” मग तिचा चेहरा बघून त्याने विषय फिरवला आणि डबा पुढे केला. “घे. तुझे मासे फुकट समुद्र बघून आले. वाळवलेस ते पुन्हा ओले झाले.”

कुणीतरी हसलं. मानांगने डबा उघडला. आत खारं पाणी होतं. घरी आल्यावर तिने तो परसात ओतला आणि तिथेच उकिडवी बसली.

“लुडिंग, तू पाहिलं होतंस.”

मी म्हटलं, काय पाहिलं?

“उगाच वेड पांघरू नकोस. लवलिनला सांगितलंस का?”

“नाही.”

“सांगू नकोस. ती मला काही बोलणार नाही. पण रोज ताट वाढताना माझ्याकडे बघेल.”

मी तिला समजावलं, की बोटी ताटामुळे अडत नाहीत, त्या कोण अडवतं ते तू आत्ताच ऐकलंस. तिने मान डोलावली. म्हणाली, ते मला कळतं, पण त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. माझ्या हातात जे होतं ते मी धुऊन टाकलं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी तिने मला जेवायला बोलावलं, ते फोनच्या वेळेला. टेबलावर पाच ताटं मांडली होती, पाचवं जुनरेचं, रिकामं. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता. चित्र अडखळत आलं. जुनरे पार वाळला होता, दाढी वाढलेली. मागे गंजलेली भिंत, तिच्या पापुद्र्यांवर ऊन पडलेलं.

“जेवलास?” मानांगने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

“बसतोय आता. भात आणि डब्यातले मासे.”

“पुढ्यात घे. आमच्याबरोबर खा.”

“ताट नाहीये नानाय, टोपातच खातो.”

“टोप चालेल. खा. आणि मी सांगेन तेव्हा मधूनच ऊठ.”

“कशाला?”

“आई सांगते म्हणून.”

लवलिन म्हणाली, नानाय, त्याला धड दोन घास तरी खाऊ द्या, उठाबशा नंतर काढायला लावा. जुनरे हसत खाऊ लागला. आम्हीही खाऊ लागलो. मानांगने भाताला हात लावला नाही, तिचं सगळं लक्ष पडद्यावर होतं. तो तिसरा की चौथा घास असेल. त्याच्या मागे कुणीतरी ओरडलं, धावण्याचे आवाज आले, पत्रा दणाणला. जुनरेने मान वळवली. परत आमच्याकडे वळला तेव्हा तो हसत नव्हता.

“नानाय, जावं लागतंय. त्यांच्या बोटी अगदी जवळ आल्यात.”

तो उठला. फोन आडवा पडला असावा, कारण आम्हाला छत दिसलं आणि छताला पडलेल्या भोकातून आभाळ दिसलं. मग तेही गेलं.

मानांगने तिचं ताट फिरवलं. लवलिनने फिरवलं, मुलीने फिरवलं, आणि मीही फिरवलं, दोन्ही हातांनी, भात सांडेपर्यंत. मुलीने विचारलं, बाबा कुठे गेला, तेव्हा लवलिनने तिचं तोंड आपल्या कुशीत दाबलं.

त्या टेबलाला मग कुणी हात लावायचा नव्हता. मानांगने वर मासळीची जाळी पसरली. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या, तिसऱ्या दिवशी भाताला वास. लवलिनने नाकाला पदर लावावा तसा सदऱ्याचा गळा लावला, पण ती बोलली नाही, कारण आता तिलाही सगळं माहीत झालं होतं. मानांगने स्वतःच सांगितलं. सगळे परसातल्या बाकावर जेवत. चौथ्या दिवशी मानांग माझ्याकडे धावत आली. चेहरा पांढराफटक.

“तिथे कुणी त्याचा टोप धुतला असेल तर?”

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्या आठवड्यात मीही माझ्या घरात भांडी घासताना मागे वळून बघत होते.

बाराव्या दिवशी बातमी आली की एक बोट पोचली, माणसं बदलली. चौदाव्या दिवशी जुनरे दारात उभा राहिला. अंगावरचा गणवेश दोन माणसांचा वाटावा असा. पायांना खारं पाणी लागून चिरा पडल्या होत्या. त्याने आईला मिठी मारली आणि म्हणाला, घरात काय मेलंय?

मानांगने त्याचा दंड धरून ठेवला. “तुझा टोप. त्या दिवशीचा. कुणी धुतला का?”

“टोप?” त्याला आठवायला वेळ लागला. “धुणार कोण? पाऊस नव्हता, प्यायचं पाणी पेल्याने मोजून. आठवडाभर पडला होता तसाच. शेवटी जहाजावरच्या मांजरांनी चाटला.”

मानांग खाली बसली. हसत होती की रडत होती, ते मी तिच्या इतकी जवळ असूनही सांगता येणार नाही. मग तिने उठून जाळी काढली आणि पाचही ताटं घासली. राख लावून, दोनदा.

संध्याकाळी त्याच टेबलावर आम्ही जेवायला बसलो. जुनरेला सहा आठवडे रजा होती, पुढे काय ते कुणी विचारलं नाही. लामायो, भात, शेवग्याच्या पाल्याचं सार. तो मान खाली घालून जेवत होता, घासागणिक दारावर नजर टाकत. मग एकदम खुर्ची मागे सरकवून उठला.

आम्हा चौघींचे हात ताटांवर गेले.

जुनरे उभ्यानेच आमच्याकडे बघत राहिला. “नानाय, मी व्हिनेगर आणायला चाललोय.”

“हो, मग आण की,” मानांग म्हणाली. तो चुलीकडे वळला, आणि तिने ताट फिरवलं.