बादलीतला सूर्यनारायण

सासूबाई पुण्याहून आल्या त्या एकच ध्यास घेऊन. नातीच्या तोंडून एक तरी धड मराठी वाक्य ऐकायचं. आमच्या सात वर्षांच्या लेकीला कळतं सगळं, पण उत्तर जर्मनमध्ये. "जेवलीस का गं?" तर "या," म्हणजे हो. दोन महिने त्या बिचाऱ्या लाडू वळून, गोष्टी सांगून थकल्या, पोरगी ढिम्म.

फेब्रुवारीत हॅम्बर्गहून नॉर्थ सीच्या काठी दोन दिवस राहायला गेलो. आदल्या रात्री वादळ होऊन गेलेलं. सकाळी लेकीला वाळूत लालभडक तारामासा सापडला, आणि हात किती? पाच नव्हे, चांगले बारा! वाळलेला असेल म्हणून मी उचलला, तर तळहाताला बारीक बारीक काहीतरी चिकटलं आणि हललं. बाई गं! मी किंचाळून टाकूनच दिला. "एर लेब्ट!" जिवंत आहे म्हणून लेक नाचायला लागली. लाटा फार होत्या, म्हणून बादलीत समुद्राचं पाणी भरून त्याला खोलीवर आणलं. दुपारी समुद्र शांत झाला की सोडायचं, असं तिनं बापाकडून कबूल करून घेतलं.

नेमकी त्या दिवशी रथसप्तमी. बापलेक पाव आणायला गेले नि सासूबाईंनी बादलीत डोकावलं.

"अगं बाई! आठवडाभर सूर्याचं दर्शन नाही, आणि हा बघ, आपणहून दारात आलाय. पण असल्या गढूळ पाण्यात देव ठेवायचा का? चांगलं पाणी घाल गं."

मलाही पटलं. बादली ओतली, नळ सोडला, वर चमचाभर दूध. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, मी हात जोडले. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात जगायचा नाही, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. शिकलेल्या म्हणे आम्ही!

दुपारी लेक बादली उचलायला गेली. बाराही हात लिबलिबीत होऊन पडले होते. तिनं बोट लावलं, पुन्हा लावलं. पाण्यावरचं कुंकू बघितलं. मग आजीकडे वळून अगदी स्पष्ट म्हणाली, "आजी, तू त्याला मारलंस."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "हो बाळा, चुकलं माझं."

नळ मी सोडला होता. मी एक शब्द बोलले नाही.