दाराजवळची खुर्ची

पुलावर पोचेपर्यंत काकांचा गुडघा कुरकुरायला लागला होता.

"काका, बस घेऊ या का?" पुतणीने विचारलं.

"चल गं. एकतीस वर्षं हा रस्ता तुडवलाय. आता एका दिवसासाठी मिजास कशाला?"

उद्या काका सभागृहातल्या नोकरीतून निवृत्त होणार होते. निरोप समारंभ तिथेच होता, आणि त्याच्या खुर्च्याही आपणच मांडणार असा हट्ट धरून ते निघाले होते. सोबतीला ती.

हॉल नऊशे माणसांचा. परिषद कुठलीही असो, खुर्च्या काका मांडायचे, रांग सरळ यावी म्हणून दोरी धरून. माणसं किती येतील हे त्यांना बोलावणाऱ्याच्या बोलण्यावरूनच कळायचं. फार बढाया मारणाऱ्याला ते निम्म्याच मांडत. रिकाम्या खुर्च्या पाहून बोलणाऱ्याचं तोंड उतरतं, ते त्यांना बघवत नसे.

हीच हुशारी घरात नडली. बारा वर्षांपूर्वी तिच्या बाबांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाने, बंद पडणारी शाळा वाचवायला याच हॉलमध्ये सभा बोलावली. तीनशे जण येतील म्हणाले. काकांनी मुकाट्याने ऐंशी खुर्च्या मांडल्या आणि मधला पडदा ओढून हॉल लहान केला. ते पाहून बाबा पांढरेफटक पडले.

"परक्याने केलं असतं तर चाललं असतं रे. तुलाही वाटलं, माझ्या शब्दाला कुणी येणार नाही?"

माणसं आली सत्तर. काकांचा अंदाज बरोबर निघाला, आणि तेच वाईट झालं. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

हॉलवर पोचताच काकांनी खिशातून दोरी काढली.

"किती मांडायच्या?"

"चाळीस."

"एवढ्याच? सगळे येणार म्हणतायत!"

"म्हणायला काय जातंय त्यांचं?" काका हसले.

रांगा लागल्या. मग लंगडत लंगडत काकांनी आणखी एक खुर्ची आणली आणि मागच्या दाराजवळ ठेवली. दोरीबाहेर. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

कुणासाठी, हे तिने विचारलं नाही. समारंभाचं तिने बाबांना सकाळीच सांगितलं होतं. त्यांनी पेपरचं पान उलटलं होतं. ना हो, ना नाही. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"दादा आला तर उशिरा येईल. पुढे येऊन बसणार नाही," काका म्हणाले. "उद्या मला स्टेजवर बसवतील. खाली बघायला मी नसेन. आणि हाताखालची माणसं रिकामी खुर्ची दिसली की उचलतात, मीच शिकवलंय त्यांना. तू एवढं कर पोरी. शेवटपर्यंत रिकामी राहिली तरी राहू दे. ही मात्र कुणाला उचलू देऊ नकोस."