पानावरचं मीठ

शकुनकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. "वहिनी, आई गेली..." एवढंच त्यांचा मुलगा बोलू शकला. मला लगेच रडूही आलं नाही. हातातलं सूप तसंच धरून मी शेवटचा खडा निघेपर्यंत तांदूळ निवडत राहिले. काम अर्धवट टाकून गेले असते तर काकींनी तिरडीवरून उठून मला झापलं असतं, याची मला खात्री होती.

काकी माझ्या चुलत सासूबाई. आमच्या करडी गावच्या देवळात माघात सप्ताह बसतो आणि काल्याच्या दिवशी अख्खं गाव महाप्रसादाला असतं. तो स्वयंपाक काकींचा. आमच्याकडे नियम असा, की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत काहीही चाखायचं नाही. मीठ, तिखट, सगळं अंदाजानं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच सप्ताहात काकी धुण्याच्या दगडावरून घसरल्या आणि उजवा हात मोडून बसल्या. देवळातली मंडळी काळजीनं घरी आली, तेव्हा त्यांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं. "यंदा सयपाक सुधा करते."

भंडारा शहरातल्या दोन खोल्यांत वाढलेली मी, चार माणसांपलीकडे कधी डाळ शिजवली नव्हती. मंडळी गेल्यावर म्हटलं, "काकी, मले नाही जमणार. भेव वाटून राहिलं."

"मले तरी कुठं जमते वं?" काकी हसून म्हणाल्या. "दरसाल मलेही भेव वाटते. तरी दरसाल होते. मंग करते कोण?"

काल्याच्या दिवशी चुलीशेजारी खुर्ची टाकून, हात गळ्यात बांधून त्या बसल्या. डाळ शिजत होती त्या मोठ्या गंजात मी मीठ टाकलं आणि डाळ ढवळायच्या सराट्याला लागलेलं बोट नकळत तोंडाकडे गेलं. "जीभ आत!" काकी गरजल्या. अख्खं देऊळ हसलं. मग हळूच म्हणाल्या, "आपलं टाकून झालं. आता झाकण ठेवाचं अन् हात जोडाचे. पुढचं त्याचं काम."

डाळ अळणी झाली. नैवेद्य दाखवून पंगत बसली, मी डाळ चाखली, तेव्हा मला कळलं. आता गंजात मीठ टाकून ढवळायलाही वेळ नव्हता. तेवढ्यात पाहते तर काकी गळ्यात बांधलेल्या हाताशी पितळेची वाटी धरून पंगतीत वाकत वाकत डाव्या हातानं मीठ वाढत होत्या, नेहमीपेक्षा जरा सढळच. लोक पानातलं मीठ कालवून मजेत जेवले. मी मागच्या बाजूला डोळे पुसत होते. काकी आल्या. "पानावर मीठ पहिले काहून वाढतात, ठाऊक हाय? सुधाचा हात लहान हाय, हे देवाले पहिलेच ठाऊक होतं."

त्यांचा हात बरा झाला, पण चुलीकडे त्या परत आल्या नाहीत. दरसाल मी शिजवायचं आणि त्यांनी वाटी घेऊन पंगतीत पुढे निघायचं. माझा अंदाज पक्का झाला तरी वाटी त्यांनी सोडली नाही. गेल्या दिवाळीनंतर नागपूरला त्यांचं ऑपरेशन ठरलं. आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. "भेव वाटते वं..." मी म्हटलं, "काकी, झाकण ठेवा." त्या हसल्या. घरी परत आल्या, अंगणात उन्हात बसल्या, आणि एका सकाळी झोपेतच गेल्या. मी देवाशी भांडले नाही. काकींनी मला ते शिकवलंच नव्हतं.

यंदाचा काला गेल्या आठवड्यात झाला. चूल पेटवतानाच पहिल्या वर्षीसारखी भीती वाटली. काकींवाचून हे माझ्याच्यानं होणार नाही, असं वाटत होतं. तरी मीठ टाकलं, झाकण ठेवलं, हात जोडले. नैवेद्य झाला, पंगत बसली, आणि वाटी घरीच राहिल्याचं माझ्या लक्षात आलं. धावत बाहेर आले, तर काठी टेकत काकाजी, काकींचे यजमान, पंगतीतून येत होते. शेजारी नातीनं ती पितळेची वाटी धरलेली. काकाजी एकेका पानावर चिमूट ठेवत होते.

"तुमी कायले त्रास घेतला, काकाजी?"

"तिनं सांगून ठेवलं होतं," ते म्हणाले. "सुधाले भेव वाटन, म्हणे. मीठ तुमी वाढजा."

शेवटच्या पंगतीत मी जेवायला बसले. डाळीत मीठ अगदी बरोबर पडलं होतं. तरी पानावरची चिमूट मी भातात कालवून घेतली.