समोरच्या भाजीवालीकडे रिक्षाने

अंबरनाथकर, आज माझ्या आईने रस्ता ओलांडायला रिक्षा केली. संध्याकाळी घरी आले तेव्हा तिनेच सांगितलं.

भाजीवाली आमच्या गॅलरीतून दिसते. मध्ये फक्त नवीन काँक्रीटचा रस्ता. खड्डे होते तेव्हा गाड्या रांगत यायच्या आणि आई निवांत पलीकडे जायची. आता गाड्या सुसाट येतात. ना झेब्रा क्रॉसिंग, ना स्पीडब्रेकर. बराच वेळ कडेला उभी राहून ती शेवटी रिक्षात बसली.

रिक्षावाला म्हणाला, "मावशी, भाजीवाली समोरच तर आहे."

"माहितीये रे. तू फक्त पलीकडे सोड."

या रस्त्यासाठी आपणच सह्या केल्या होत्या.

आता आई म्हणते, लोक हसतील, उद्या चालतच जाईन. तुम्ही कसा ओलांडता हा रस्ता? सकाळी ती निघायच्या आत सांगा.