कार्डावाचून अडलेला कॉम्प्युटर

आवडती वस्तू दुसऱ्याला देऊन टाकताना माणूस शीळ वाजवतो का? रविवारपासून मायाच्या डोक्यात हेच चाललं होतं. कणीक मळताना, कपडे वाळत घालताना, शाळेत मुलांचे पेपर तपासतानासुद्धा. अश्विननं रविवारी आपल्या न झालेल्या कॉम्प्युटरचे भाग कपाटातून एकेक काढले, ज्याच्या त्याच्या खोक्यात घातले, वर चिकटपट्टी मारली, आणि हे सगळं करताना तो शीळ वाजवत होता. चिडला असता, निदान तोंड पाडून बसला असता, तर मायाला बरं वाटलं असतं. ही शीळ तिला काही केल्या पचेना.

अश्विन तिचा थोरला. वय सत्तावीस. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत बिघडलेले कॉम्प्युटर पाहायची त्याची नोकरी. घर उप्पलवाडीला, म्हणजे शहराच्या एका टोकाला, आणि नोकरी दुसऱ्या टोकाला. सकाळी ऑटोमोटिव्ह चौकात गाडी लावून मेट्रोत बसायचं ते शेवटच्या खापरीलाच उतरायचं. दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर आणि संध्याकाळी घरी आला की लोकांचे फोन. कोणाच्या भाच्याला, कोणाच्या शेजाऱ्याला कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा असतो. दुकानदार गंडवेल याची भीती, म्हणून आधी अश्विनला विचारायचं.

अश्विन कधी कंटाळत नाही. पायरीवर बसून तो डॉक्टरसारखे प्रश्न विचारतो. खेळायला पाहिजे का अभ्यासाला? कोणते गेम खेळता? खोलीत कूलर आहे का? "असंल तर कॅबिनेट त्याच्यासमोर नको ठेवू भाऊ. थंड राहील म्हणून ठेवशील, अन् पाणी उडून सारं बसून जाईल." मग कुठे वाचवायचं आणि कुठे अजिबात वाचवायचं नाही, ते सांगतो. एकदा एका पोरानं महागडं ग्राफिक्स कार्ड ठरवलं आणि पॉवर सप्लाय सगळ्यात स्वस्तातला. अश्विन त्याला म्हणाला, "नवरदेवाले सूट घेतला अन् पायात स्लीपर घालून राहिला बे तू. वरातीतच पडन तो." आतून ऐकणाऱ्या मायालाही हसू आलं. अर्ध्या उप्पलवाडीतले कॉम्प्युटर त्यानं असे निवडून दिले, आणि बहुतेकांचे स्वतः बसवूनही दिले. चहापलीकडे कोणाकडून काही घेतलं नाही.

त्याचा स्वतःचा मात्र राहिला.

कॉलेजात असताना इंदोरा चौकाजवळ तासाच्या भाड्यानं गेम खेळायला मिळणारी एक जागा होती. तिथे पाच पोरं रोज जमत. अश्विन त्यांच्यात सगळ्यात चांगला खेळायचा, असं बाकीचे चौघंच मायाला सांगत. शिक्षण संपलं, एक पुण्याला गेला, एक हैदराबादला, दोघं इथेच पण आपापल्या घरी कॉम्प्युटर घेऊन बसले. आता घरबसल्या एकत्र खेळता येतं. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, "कधी येतो बे?" अश्विनचं ठरलेलं उत्तर, "ग्राफिक्स कार्ड घेतलं का येतो."

कॉम्प्युटर एकदम घेण्याइतका पैसा हातात कधी नव्हता. तेव्हा मायानंच त्याला सांगितलं होतं, "थोडं थोडं घे. आपल्या घरात सगळं असंच झालं आहे." ते खोटं नव्हतं. तिच्या हातातल्या पाटल्या एकेक ग्रॅम सोनं घेत झाल्या. घरही तसंच. आधी पायवा, मग भिंती आणि वर टिन, कितीतरी वर्षांनी स्लॅब, प्लास्टर तर आत्ता आत्ता. गच्चीवर पुढच्या मजल्याच्या सळया अजून उभ्याच आहेत.

मग अश्विननं आधी कॅबिनेट आणलं. एका बाजूला काच असलेलं, काळं, रिकामं. महिनोन्‌महिने ते टेबलावर तसंच होतं आणि माया ते रोज पुसायची. शेजारच्या अंजनाबाई एकदा त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काच तर मस्त आहे वं माया. मासोळ्या कधी आणून राहिले?" त्यानंतर घरात त्या कॅबिनेटचं नावच मासोळीघर पडलं. पुढे त्यात घालायला मदरबोर्ड आला, पॉवर सप्लाय आला, रॅम आली. जो भाग सवलतीत मिळेल तो घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा.

इथेच मायाची शिकवण चुकली. सोनं ठेवलं तर वाढतं. कॉम्प्युटरचे भाग ठेवले तर जुने होतात, आणि एकही चालू करून पाहिलेला नसतो. एकेकाची वॉरंटी कपाटातच संपली. फक्त रॅमचे भाव मध्यंतरी अचानक चढले, तेव्हा अश्विन हसत म्हणाला होता, "आई, एवढं एक सोनं निघालं. बाकी सारे टमाटे."

आणि प्रोसेसर घेताना त्यानं स्वतः एक चूक केली. त्यात दोन प्रकार येतात. एकात पडद्यावर चित्र दाखवायची सोय आतच असते, दुसऱ्यात नसते. दुसरा थोडा स्वस्त. ग्राफिक्स कार्ड घेणारच आहोत, मग त्या सोयीचे पैसे काहून द्यायचे, असा हिशोब करून त्यानं स्वस्तातला घेतला. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर त्यानं हा सल्ला दिला नसता. कार्ड सगळ्यात महाग, ते मागे पडत गेलं, आणि कार्ड नाही म्हणून बाकीचं सगळं असूनही पडद्यावर रेघ उमटेना.

कार्डाचे पैसे दोनदा जमले. पहिल्यांदा पायलच्या, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या, नर्सिंगच्या फीसाठी त्यानं ते आपणहून काढून दिले. दुसऱ्यांदा मायाच्या नवऱ्याच्या, प्रेमानंदच्या, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बापानं नको म्हटलं तरी पोरानं ऐकलं नाही. दोन्ही वेळा माया शाळेतल्या बायकांना हे सांगताना फुलून आली होती. दोन्ही वेळा अश्विन दोन दिवस घुम्यासारखा वागला, जेवला की उठून गच्चीवर गेला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारखा झाला, हेही तिला आठवत होतं. तेव्हा शीळ नव्हती.

यावेळी झालं ते असं. मायाचा मोठा भाऊ बळीराम नागपूरजवळच्या खाप्याला असतो. त्याचा फोन आला, "जय भीम, माया. अश्विन आहे का वं घरी? माझ्या रोहितले नागपुरातल्या इंजिनिअरिंगले अ‍ॅडमिशन भेटली. त्याले कॉम्प्युटर पाहिजे म्हणते. मले यातलं काय समजते? अश्विनले म्हणा, चांगला पाहून सांग." एवढंच मागणं होतं. मायानं फोन अश्विनच्या हाती दिला, आणि तो सहज म्हणाला, "मामा, नवीन काहून घेता? माझे सगळे पार्ट पडलेच आहेत. तुम्ही फक्त कार्ड घ्या. रोहितचा कॉम्प्युटर झाला समजा."

बळीराम नाही नाही म्हणत राहिला आणि शेवटी हो म्हणाला. येत्या रविवारी तो आणि रोहित येऊन खोकी नेणार होते.

बुधवारी संध्याकाळी अश्विन ताटावर बसला होता. मायानं त्याच्या ताटात गरम भाकर टाकली आणि समोरच बसली.

"तुले आता खेळायचं नाही का?"

"खेळतो ना. मोबाईलवर."

"मोबाईलवरचं खेळणं मी पाहते रोज. आंगठा चालते, तोंडावर काही दिसत नाही."

अश्विन हसला. "तू शाळेतल्या पोरांसारखं काय पकडून राहिली मले?"

"तुझे दोस्त विचारत नाहीत? कधी येतो म्हणून?"

त्यानं भाकरीचा तुकडा वांग्याच्या भाजीत उगीच दोनदा फिरवला. "नाही विचारत आता. पाचवा भेटला त्याईले. पुण्यावाल्याच्या ऑफिसातला आहे कोणी. मस्त खेळते म्हणे."

मायानं त्याला आणखी भाजी वाढली. अश्विन ताटाकडे पाहतच पुढे म्हणाला, "कसं आहे आई, कार्ड नाही तोवर बरं आहे. कार्ड नाही म्हणून येत नाही, असं सांगता येते. कार्ड आलं, सारं जुळलं, अन् तरी कोणी ये म्हटलं नाही तर? मग काय सांगायचं?"

असं म्हणून तो पुन्हा हसला, आणि पाणी प्यायला. ते हसणं पाहून मायाला रविवारची शीळ कळली. फी भरताना, ऑपरेशनच्या वेळी पोरानं मनातलं काहीतरी तोडून दिलं होतं, म्हणून ते दोन दिवस दुखलं. यावेळी त्याची सुटका होत होती. रोहितनं खोकी नेली की कोणी विचारणार नाही, आणि कोणी विचारलं नाही याचं वाईट वाटायचंही कारण उरणार नाही. वरून सगळे म्हणतील, अश्विन किती चांगला. तीही म्हणाली असती. याच चांगुलपणाच्या आड बसून तो आणखी काय काय सोडत जाईल?

"तो जो प्रोसेसर आहे तुझा," ती म्हणाली, "तो विकून दुसऱ्या प्रकारचा घेता येत नाही? चित्र दाखवणारा?"

अश्विननं चकित होऊन पाहिलं. आपण जे बोलतो ते आई एवढं लक्ष देऊन ऐकते, हे त्याला ठाऊक नव्हतं. "येते ना. बर्डीवरच्या दुकानांत बदलून देणारे आहेत. पण मोठे गेम नाही चालत त्याच्यावर. हलकेफुलके चालतात. अन् पुढे कार्ड घ्यायचंच, मग दोनदा खर्च."

बाहेरच्या खोलीत गुडघ्याला तेल लावत बसलेल्या प्रेमानंदला हे ऐकू गेलं. तो तिथूनच म्हणाला, "आपण टिन टाकलं, मग टिन काढून स्लॅब टाकली. दोनदाच खर्च झाला. मग का स्लॅब येईपर्यंत झाडाखाली राहाचं होतं? तू त्या टिनाखालीच चालाले शिकला गा."

"बाबा, घराची गोष्ट वेगळी आहे."

"असंल. मले कॉम्प्युटरचं समजत नाही."

अश्विन हात धुवायला उठला. नळाशी उभा राहून तो हळूच म्हणाला, "अन् मामाले हो म्हटलं आहे आता. रोहितनं दोस्तांले फोटोपण दाखवले असन. भाच्यानं मामाले दिलेला शब्द परत घेते का कोणी?"

तो म्हणत होता ते खरंच होतं.

पण भाचा जे बोलू शकत नाही ते बहीण बोलू शकते. रात्रभर ही गोष्ट तिच्या मनात घोळत राहिली आणि सकाळी पोळ्या लाटतानाही घोळत होती. भावाशी ती लहानपणापासून भांडत आली आहे. एक भांडण जास्तीचं. मात्र यावेळचं भांडण सोपं नव्हतं. बळीरामनं दहावीनंतर शाळा सोडून खाप्याच्या नगरपरिषदेत पाण्याच्या टाकीवर काम धरलं, ते मायाला नागपूरच्या कॉलेजात शिकता यावं म्हणून. ती होस्टेलवर असताना तो एसटीच्या टपावर तांदळाचं कट्टं टाकून यायचा आणि तिच्या मैत्रिणींसमोर ते खांद्यावर घेऊन फाटकातून आत आणायला लाजायचा नाही. तिचं बी. ए., तिचं बी. एड., तिची नोकरी, सगळ्याच्या बुडाशी ते कट्टं आहे. अशा भावाच्या एकुलत्या एक पोराला देऊ केलेली वस्तू नाही म्हणायची, आणि तीही त्यानं मागितली नसताना!

दादाला वाईट वाटेल. वहिनी काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल. रोहितचं तोंड उतरेल, त्याला काय माहीत या घरात काय चाललं आहे. आणि अश्विनला कळल्यावर तोही चिडेल. चिडू दे, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर जरा हलकंही वाटलं. पोरगा आपल्या वस्तूसाठी चिडलेला तिनं फार दिवसांत पाहिला नव्हता.

ते चौघं त्याला बोलावतील का, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित नाही बोलावणार. पाचव्याची जागा भरली ती भरलीच असेल. तरी कॉम्प्युटर चालू असलेल्या माणसाला सहावा म्हणून तरी कोणी हाक मारेल. खोक्यात चिकटपट्टी मारून ठेवलेल्याला कोण हाक मारणार?

दादाला काय सांगायचं ते तिनं पोळीमागून पोळी लाटत ठरवलं. रोहितसाठी नवा कॉम्प्युटर घ्यायचा, अश्विन स्वतः बर्डीवर सोबत येईल, दुकानादुकानातून फिरून एकेक भाग निवडून देईल, बसवून देईल, बिघडला तर रात्री-बेरात्री वानाडोंगरीला त्याच्या कॉलेजच्या होस्टेलवर जाईल. जास्तीचा खर्च येईल त्यातला काही भाग माझ्याकडून. पण हा कॉम्प्युटर या घरातून जाणार नाही. काहून, असं दादा विचारेलच. तेव्हा काही बनवून सांगायचं नाही, हेही तिनं ठरवलं. पोराची भीती मामाला सांगितली तर त्यात कमीपणा नाही. तांदळाचं कट्टं उचलणाऱ्याला एवढं समजेल. नाही समजलं, तरी सांगायचंच.

अश्विननं डबा घेतला, बूट घातले, "आई, येतो वं" म्हणाला आणि गाडी काढली. कोपऱ्यातल्या खोक्यांकडे त्यानं पाहिलं नाही. गाडीचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू आला. मायानं तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले, आणि खाप्याला फोन लावला.