जुन्या फिल्मा

गोंदियातल्या त्या एक्स-रेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. प्लेट थंड लागू नये म्हणून तो ती आधी स्वतःच्या स्वेटरवर घासायचा. खुबा बदलूनही आईचं दुखणं थांबेना. डॉक्टर म्हणत, सांधा ठीक आहे, दुखणं मनाचं आहे. मलाही ते पटलं होतं.

चौथ्यांदा आमच्या केशोरी गावाहून आलो तेव्हा त्याने आईला जुन्या फिल्मा मागितल्या, सगळ्या खिडकीला लावल्या आणि पट्टीने मोजल्या.

“माय, नव्या खुब्याची आतली दांडी खाली सरकून राहिली. मंग काऊन नाही दुखणार?”

फिल्मा घेऊन तो स्वतःच डॉक्टरांकडे गेला. पुढे नागपूरला खुबा पुन्हा बदलला आणि आई चालू लागली. पण त्या दिवशी, तो बाहेर गेल्यावर, तिने माझ्याकडे पाहिलं.

“आइकलं ना?”

मला मान वर करवेना.