भिंगऱ्या बसला होता

मंडळी, आज सकाळी नातीच्या कुत्र्यानं तुळशीची कुंडी उकरली. सून वैतागून म्हणाली, "मामा, याला कुठंतरी नेऊन सोडा." तेव्हापासून जेवणाचं ताट तसंच पुढ्यात पडलंय.

निजामाच्या राज्यातलं शेवटचं साल. मी दहा वर्षांचा, आमी हट्ट्याला राहायचो. लुटीच्या धाकानं मायनं दागिने गोठ्यात पुरले होते, अन् आमचा कुत्रा भिंगऱ्या नेमकं तिथंच उकरायचा. बाप म्हणाला, "याला पूर्णेपल्याड सोडून ये."

भिंगऱ्या जन्मात एका जागी बसला न्हाई. नदीपल्याड गेल्यावर मी त्याच्यापुढं भाकर टाकली अन् म्हणलं, "बस, आलोच मी."

अलीकडं येऊन वळून पाहिलं. भाकरीला तोंड न लावता तो बसलेला होता.

तुमीच सांगा, किती वेळ बसला असंल?